पुरेसे म्हणजे किती? रमजानचा एक हिशेब

रमजानचे पहिले वीस दिवस मशिदीत जातात आणि शेवटचे दहा बाजारात, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात. खरे तर शेवटचे दहा दिवसच सर्वांत मोलाचे. कुरआनचे अवतरण ज्या रात्री सुरू झाले, ती ‘लैलतुल कद्र’ याच दिवसांतल्या विषम रात्रींमध्ये शोधायची असते. काही जण एतेकाफ करतात, म्हणजे घरदार बाजूला ठेवून ईदचा चंद्र दिसेपर्यंत मशिदीतच मुक्काम करतात. बाकीची वस्ती मात्र तरावीहची नमाज आटोपली की कापडाच्या, चपलांच्या, बांगड्यांच्या दुकानांकडे वळते. रात्री बारा वाजता बाजारात पाय ठेवायला जागा नसते.

बाजाराला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. आमच्या टेलरमास्तरांची पुढच्या कित्येक महिन्यांची बेगमी या एका महिन्यात होते. दुकानदारांत मराठी आहेत, गुजराती आहेत, मारवाडी आहेत आणि रमजानच्या गर्दीची वाट सगळेच पाहतात. ईदला आनंद करणे हा तर धर्माचाच भाग आहे. त्या दिवशी रोजा ठेवायला मनाई आहे. आंघोळ करावी, अत्तर लावावे, आपल्याजवळ असलेल्यातले उत्तम कपडे घालून नमाजला जावे, अशी शिकवण आहे. ‘असलेल्यातले उत्तम’ हे शब्द जरा थांबून वाचावेत. त्यात ‘नवे’ हा शब्द नाही. ‘चुलतभावापेक्षा भारी’ हे तर कुठेच नाही.

या शिकवणीच्या मुळाशी एक अरबी शब्द आहे, कनाअत. उर्दूतही तो रोज वापरला जातो. मराठीत आपण त्याला संतोष किंवा समाधान म्हणू. पण कनाअत म्हणजे हातपाय गाळून बसणे नाही. कष्ट करायचे, प्रामाणिकपणे कमवायचे, जमेल तेवढी वाढही करायची. मात्र हाती आलेल्यावर मनाने राजी राहायचे. कंजुषी ही तर याच्या अगदी उलट. कंजूष माणसाचे मन कायम भुकेलेले असते, म्हणून तो खर्च करत नाही. कुरआनने उधळपट्टी आणि चिक्कूपणा, दोन्हींना दोष दिला आहे आणि मधली वाट धरायला सांगितली आहे. खरी श्रीमंती मालाच्या ढिगात नसून मनात असते, या आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस लहानपणापासून आमच्या कानावर असते. कुरआनातली ‘तकासुर’ ही १०२ वी सूरत जेमतेम आठ आयतींची आहे, आणि तिचा विषयच मुळी अधिकाची चढाओढ हा आहे.

चढाओढ हा शब्द आला की मला आमचे कोकण आठवते. खाडीकाठच्या गावांतले मुस्लिम पुरुष पूर्वी जहाजांवर खलाशी म्हणून जात. काही आफ्रिकेत गेले, तिथलेच झाले. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि गावोगावचे तरुण कुवेत, सौदी, दुबई, कतारला पोचले. त्या पैशाने पुष्कळ भले केले हे आधी सांगितले पाहिजे. मुली शिकल्या, म्हाताऱ्यांचे औषधपाणी झाले, बहिणींची लग्ने झाली. जांभ्या दगडाच्या कौलारू घरांच्या जागी स्लॅबचे बंगले उभे राहिले. पण पहिल्या बंगल्याला संगमरवर बसला आणि दुसऱ्या घरातली शहाबादी फरशी त्या दिवसापासून गरीब दिसू लागली. फरशी कालचीच होती. हिंदू वाड्यांतही हेच घडलेले वाचकांनी पाहिले असेल. तिथे आखाताच्या जागी मुंबई आणि ईदच्या जागी गणपती. चाकरमानी गाडी भरून येतो, मखराला रोषणाई करतो, आणि गावात राहिलेल्या भावाला आपल्या आरतीत काहीतरी कमी आहे असे वाटायला लागते.

बंगला रस्त्यावरून दिसतो. त्यासाठी परदेशात एका खोलीत सात-आठ जणांनी काढलेली वर्षे दिसत नाहीत. भर उन्हातला ओव्हरटाइम, पोराचे बाळपण न पाहिलेला बाप, डोक्यावरचे कर्ज, यातले काही रस्त्यावरून दिसत नाही. आपल्या घराचे आतले-बाहेरचे सगळे आपल्याला ठाऊक असते आणि दुसऱ्याच्या घराची फक्त दर्शनी भिंत. असल्या तुलनेत आपण नेहमी हरणारच.

हा केवळ कोकणी स्वभाव आहे असेही नाही. नेदरलँड्समध्ये एक लॉटरी आहे, तिची सोडत पिनकोडवर निघते. ज्या पिनकोडचा नंबर लागेल तिथल्या तिकीटधारकांना रोख रक्कम आणि त्यांतल्या एकाला नवी मोटार मिळते. काही अर्थशास्त्रज्ञांनी या लॉटरीचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. बक्षीस लागलेल्या घराच्या शेजाऱ्यांमध्ये, ज्यांनी तिकीटही काढले नव्हते अशांमध्येसुद्धा, मोटारी घेण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. कॅनडातल्या अशाच एका अभ्यासाचा निष्कर्ष जास्त बोचरा आहे. लॉटरीची रक्कम जितकी मोठी, तितके विजेत्याच्या आसपासच्या घरांत दिवाळखोरीचे प्रमाण अधिक. शेजाऱ्याला बक्षीस लागले म्हणून आपला एक पैसाही कमी झालेला नसतो. तरी माणूस बुडतो.

आता रमजानमधल्या एका अशा कामाकडे येतो, ज्याची हिंदू मित्रांना फारशी माहिती नसते आणि आम्हीही ज्याकडे केवळ दान म्हणून पाहतो. ते म्हणजे जकातीचा हिशेब. जकात वर्षातून एकदा द्यायची असते. रमजानमध्येच द्यावी असा नियम नाही, पण पुण्य अधिक म्हणून बहुतेक घरांत हाच महिना धरतात. रीत अशी : विशिष्ट मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती चांद्रवर्षभर, म्हणजे सुमारे ३५४ दिवस, आपल्याकडे राहिली तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना द्यायचा. लाखाला अडीच हजार. त्या मर्यादेला ‘निसाब’ म्हणतात. आपल्याकडच्या प्रचलित हिशेबाने निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी इतका आहे. इथला तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा. सराफ हल्ली दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, त्यामुळे दरवर्षी कुणाचा तरी घोळ होतोच. नेमके वजन ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी.

एवढी संपत्ती ज्याच्याकडे असेल तो ‘साहिबे निसाब’, म्हणजे धर्माच्या लेखी सधन. त्याने द्यायचे. ज्याच्याकडे नाही त्याच्यावर जकात नाही. श्रीमंत कोण, याची इतकी कोरडी, वजनकाट्यावरची व्याख्या मला दुसरीकडे आढळलेली नाही. तिथे गल्लीत आपला नंबर कितवा हे कुणी विचारत नाही. वर्षभर ‘आमचे काय, जेमतेम चालले आहे’ असे म्हणणारी कितीतरी माणसे रमजानच्या हिशेबाला बसतात आणि सधन निघतात.

त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. या हिशेबात काय धरायचे नाही ते पाहा. राहते घर धरायचे नाही. वापरातली गाडी नाही, अंगावरचे कपडे नाहीत, सोफा, पडदे, फ्रिज, भांडी नाहीत, कारागिराची हत्यारे नाहीत. धरायची ती रोख रक्कम, बँकेतली शिल्लक, विक्रीचा माल, साठवलेले सोने-चांदी. म्हणजे ज्या ज्या गोष्टींवरून आपण वर्षभर शेजाऱ्याशी बरोबरी करत असतो, त्यांतली एकही या कागदावर येत नाही. संगमरवराला इथे रकानाच नाही. त्या कागदावर आपली तुलना एकाशीच होऊ शकते : गेल्या रमजानमधले आपण.

एक खुलासा करायला हवा. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई परंपरेचे, घाटावरचे बहुतेक हनफी. वापरातल्या दागिन्यांवर जकात आहे की नाही, कर्ज वजा करायचे की नाही, यात दोन्हींत फरक आहे. तो ज्याने त्याने आपल्या मौलानांना विचारून घ्यावा. या लेखाचा मुद्दा त्याने बदलत नाही.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. घरचा कर्ता चौदा वर्षे आखातात होता, २०२० च्या टाळेबंदीनंतर परतला, आता टेम्पो चालवतो. बायको शिवणकाम करते. मुलगी बारावीला, तिला नर्सिंगला जायचे आहे. शेजारीच मोठ्या दिरांचा बंगला. ते अजून परदेशात आहेत. या भाभींची एक वही आहे. ईदच्या खर्चाचा आकडा त्या रमजान लागण्याआधी, शाबान महिन्यातच वहीत लिहून ठेवतात. एवढ्या आधी का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “भाईजान, रमजानमध्ये जाऊबाईंची पिशवी दिसते. पिशवी दिसली की आकडा हलतो. म्हणून ती दिसायच्या आधीच लिहायचा.”

मला वाटते, कनाअतीवरच्या निम्म्या प्रवचनांत इतके व्यवहारी वाक्य सापडणार नाही. माणूस तुलना करणारच, त्याचा स्वभाव बदलण्याच्या भानगडीत भाभी पडत नाहीत. त्या फक्त क्रम बदलतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडी असते, पण अंथरूण केव्हा मोजायचे हे ती सांगत नाही. बाजारात उभे राहून मोजले तर ते नेहमी लांबच भरते.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने चुलतबहिणीचा ईदचा ड्रेस मोबाइलवर स्टेटसला पाहिला आणि दोन दिवस घरात बोलली नाही. आईने समजूत घातली नाही. वही उघडून तिच्यापुढे ठेवली. एका पानावर ईद होती, पुढच्या पानावर कॉलेजची फी. मुलीने वही मिटली. लगेच खूश झाली असे काही नाही, सोळा-सतरा वर्षांच्या पोरीकडून तशी अपेक्षाही नको. पण त्या वर्षी आईच्या निकाहातल्या साडीचा जरीकाठ लावून तिने स्वतःच कुर्ता शिवला, आणि जावेच्या घरी दस्तरखानावर बसली तेव्हा तो कुठल्या दुकानातून आणला हे दोघींनी विचारले. जकातीच्या हिशेबाला बसल्यावर भाभी निसाबाच्या जराशा वर निघाल्या. त्यांनी काढलेली रक्कम लहान होती. ती त्यांनी कुणाला दिली हे मला ठाऊक नाही, त्यांनी सांगितलेही नसते.

त्यांच्या घरात एक गोष्ट नाही, ती म्हणजे ईदसाठी काढलेले कर्ज. आजकाल हे सोपे झाले आहे. मोबाइलवर चार वेळा अंगठा दाबला की पैसे खात्यात. क्रेडिट कार्डावर तीस हजारांची खरेदी केली आणि थकबाकीवर महिना साडेतीन टक्के लागले, तर पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच एक हजार पन्नास. शिरखुर्म्याची वाटी धुऊन ठेवली तरी हप्ता पुढच्या मोहरमपर्यंत चालू. यातली विसंगती आमच्याच लोकांना दिसत नाही याचे मला आश्चर्य वाटते. बँकेतल्या ठेवीवरचे व्याज हराम म्हणून वेगळे काढून, पुण्याची अपेक्षा न ठेवता देऊन टाकणारी माणसे आमच्यात आहेत. त्यांतलीच काही ईदच्या फर्निचरसाठी व्याज भरतात. ‘ऋण काढून सण करू नये’ हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. गाडगेबाबा तर आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगत फिरले : लग्न आणि सण यांसाठी कर्ज काढू नका, पोरांना शिकवा. अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे घेऊन ते बोलत होते, म्हणून लोकांनी ऐकून घेतले.

कर्जाविषयी प्रेषितांची एक घटना हदीसमध्ये नोंदलेली आहे. एका माणसाचा जनाजा नमाजसाठी आणला गेला. याच्यावर कर्ज आहे का, असे त्यांनी विचारले. दोन-तीन दिनारांचे होते, आणि फेडायला मागे काही ठेवलेले नव्हते. तेव्हा आपल्या साथीदाराची नमाज तुम्हीच पढा, असे सांगून ते थांबले. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, मग प्रेषितांनी नमाज पढवली. घटनेचा हा भाग व्याख्यानांत बऱ्याचदा येतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. पुढे हाती साधने आली, तेव्हा कर्ज ठेवून मरणाऱ्याचे देणे प्रेषितांनी स्वतःकडे घेतले. जकात कुणाला द्यावी याच्या कुरआनने सांगितलेल्या आठ वर्गांतही कर्जात अडकलेला माणूस आहे. म्हणजे कर्ज करू नको असे बजावणारा धर्म कर्जात बुडालेल्याला दाराबाहेर ठेवत नाही.

हे सांगायचे कारण आहे. काटकसरीचा उपदेश फार पटकन खालच्या दिशेने वाहतो. ज्याच्या घरात दोन वेळचे भागत नाही त्याला ‘समाधानी राहा’ म्हणणे हा उद्धटपणा आहे, आणि तो आपण सणासुदीला सर्रास करतो. घाटावरचा एक जुना दाखला देतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला, सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे तेव्हाही साहेबापासून सावकारापर्यंत सगळे म्हणत होते. आयोगाने मात्र आपल्या अहवालात लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. कर्ज फुगत होते ते बी-बियाणे, बैल, पोटाची गरज आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढाव्या लागणाऱ्या लहान-लहान रकमांनी. कनाअत हा ज्याचा पोटाचा प्रश्न सुटला आहे त्याने स्वतःला शिकवायचा धडा आहे. दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवून तो शिकवता येत नाही.

आपल्यापेक्षा वर असलेल्याकडे पाहण्यापेक्षा खाली असलेल्याकडे पाहा, म्हणजे मिळालेल्या देणगीची किंमत कमी वाटणार नाही, असेही प्रेषितांनी सांगितले आहे. शेख सादी यांनी ‘गुलिस्तान’ हा ग्रंथ १२५८ मध्ये लिहिला. त्याचे तिसरे प्रकरण कनाअतीवरच आहे. त्यात ते स्वतःची हकिगत सांगतात. पायात घालायला काही नव्हते, मन खट्टू झाले होते, आणि कूफ्याच्या मशिदीत गेले तो तिथे एक माणूस दिसला ज्याला पायच नव्हते. ही गोष्ट मी शाळेत असताना ऐकली तेव्हा मला त्या पाय नसलेल्या माणसाची फार काळजी वाटली होती. सादींचे समाधान झाले, पण त्याचे काय? रमजानमध्ये या प्रश्नाचे उत्तर मिळते असे मला वाटते, कारण या महिन्यात खाली नुसते पाहून चालत नाही, काहीतरी काढून द्यावे लागते.

जकातीची मर्यादा उंच आहे. पण ईदच्या तोंडावर आणखी एक देणे असते, फितरा. तो घरातल्या प्रत्येक माणसामागे द्यायचा असतो, पाळण्यातल्या बाळामागेसुद्धा, आणि ईदच्या नमाजच्या आधी गरजूपर्यंत पोचायला हवा, म्हणजे त्याच्याही घरी त्या दिवशी चूल पेटेल. हनफी घरांत माणशी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत देतात. आमच्या शाफई घरांत त्या भागातले रोजचे धान्य, म्हणजे कोकणात तांदूळ, माणशी सुमारे अडीच ते पावणेतीन किलो.

शाफई नियमात फितरा देण्यासाठी साडेसात तोळे सोने लागत नाही. ईदच्या दिवसाचे आणि रात्रीचे घरच्यांचे जेवण आणि निकडीच्या गरजा भागून काही उरत असेल, तर त्याने फितरा द्यावा. पुरेसे म्हणजे किती, याचे इथे इतके लहान माप धरले आहे : एक दिवस आणि एक रात्र.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी खाला एकटी राहते. चंद्र दिसला की पाच-सहा घरांतून तिच्याकडे तांदळाच्या पिशव्या येतात. ती त्या दारातच ओतून एकत्र करते, घरातल्या जुन्या मापाने आपला एक फितरा मोजून काढते आणि पलीकडच्या आळीत, तीन लहान मुले असलेल्या एका घरी, फजरच्या आधी पोचता करते. दरवर्षी. तांदूळ त्यातलाच असतो.